अवघड कोर्स पहिल्या पसंतीला टाकला, तर सोपाही हातचा जातो का?

प्रवेशअर्जात पसंतीक्रम भरायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो: "जिथे नक्की नंबर लागेल तेच पहिलं टाक, नाहीतर पर्याय वाया जाईल." या सल्ल्यापायी चांगल्या गुणांची मुलं हव्या त्या कोर्सवर आपणच पाणी सोडतात, हे बघवत नाही.

गुणवत्ता यादीनुसार चालणाऱ्या केंद्रीय प्रवेशात असं होत नाही. समजा, तुमचा गुणवत्ता क्रमांक ८४० आहे. तुमची पाळी आली की आधी पहिला पर्याय तपासला जातो. तिथल्या जागा भरल्या असतील तर दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या ठिकाणी एकच जागा उरली आहे आणि ८४१ क्रमांकाच्या मुलीने तेच पहिलं टाकलंय. तरीही जागा तुमचीच, कारण तिथे गुण बघतात, पसंतीचा आकडा नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या वाटपपद्धतीतही अर्जदाराला खरी पसंती लपवून काहीच फायदा होत नाही.

मात्र पहिली पसंती देणाऱ्यांना आधी जागा देणाऱ्या पद्धतीही असतात. बॉस्टनचे शाळाप्रवेश २००५ पर्यंत तसेच चालत. तिथे हा सल्ला खरा होता. म्हणून माहितीपुस्तिकेतला वाटपाचा नियम आधी वाचा. पर्यायांच्या संख्येवर मर्यादा असेल, तर शेवटी एखादा खात्रीचा पर्याय ठेवाच. आणि जिथे शिकायचंच नाही, ते नाव यादीत नको.