आवाज तुटतोय, पण कुठे? हवेत की तारेत?

कासारवडवलीहून रोज बाइकने बेलापूर गाठणारा माझा एक मित्र गेल्या पावसाळ्यात हेल्मेट घेऊन थेट घरी आला. “ब्लूटूथ गेलंय रे. आवाज तुटतो. नवा सेट कुठला घेऊ?” मी विचारलं, “तुटतो म्हणजे कसा?” तर म्हणे, “तुटतो म्हणजे तुटतो!”

सगळी गल्लत इथेच होते. हेल्मेटमधला आवाज दोन जागी तुटू शकतो. एक, फोन आणि युनिट (हेल्मेटला बाहेरून अडकवलेली ब्लूटूथची डबी) यांच्यामध्ये, म्हणजे हवेत. दुसरी जागा युनिटपासून स्पीकरपर्यंतच्या तारेत. दोन्हींची तक्रार एकाच शब्दात येते आणि सोफ्यावर बसून तपासलं, तर दोन्ही दोषांत सेट ठणठणीत वाजतो.

तार घरी का कुरकुरत नाही, हे उघड आहे. तिथे मान वळत नाही आणि खड्डे नसतात. (घोडबंदर रोडवाल्यांनी हसू नये.) ब्लूटूथचं कारण जास्त गमतीचं आहे. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि आपल्या शरीरातलं पाणी त्या चांगल्याच शोषतं. फोन पँटच्या उजव्या खिशात, युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला, मध्ये अख्खा माणूस. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून पोचतात. बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच रोडवर एका अंगाला खाडी, वर आभाळ. लहर परत फेकायला फारसं काही नाही. म्हणून हवेतला दोष मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर जास्त जाणवतो आणि तारेतला खराब रस्त्यावर.

कान लावून ऐकलं तरी बरंच कळतं. तार तुटत आली असेल, तर बहुधा एकच कान जातो, करकर येते, मान वळवली की परत येतो. ब्लूटूथचा दुवा ढिला पडला, तर दोन्ही कान एकदम गप्प होतात, करकर नाही, शब्द मधूनच गिळल्यासारखे. पण या नियमावर फार विसंबू नका. युनिट जिथे अडकतं त्या पाळण्यातल्या पितळी टोकांवर घामाने आणि पावसाने हिरवा कळंक चढला, तर खड्ड्यात दोन्ही कान एकदमच जातात आणि माणूस ब्लूटूथला शिव्या घालत बसतो.

माझी खात्रीची चाचणी वेगळी आहे: फोन बंद करा आणि सेटमधला एफएम लावा. तो युनिटमध्येच असतो, ब्लूटूथचा त्यात संबंध नाही. एफएम नुसता खरखरला तर स्टेशन कमजोर. पण वायर वाकवल्यावर तो एका कानातून गायब झाला, तर दोष तारेत. एफएम नसेल, तर बॅटरी किती उरली ते सांगणारा युनिटचा स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा लावून वायर हलवा.

हवेतला दोष फुकटात सुटतो. फोन युनिटच्या बाजूच्या छातीच्या खिशात किंवा हँडलच्या होल्डरवर ठेवा. फोन आणि सेट, दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने पेअर करा. गाणं आधी फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर मोबाइल डेटा गेल्याचा आळ ब्लूटूथवर येतो.

तारेचं काम किचकट. वायर बहुतेकदा प्लगच्या मानेशी किंवा गालाच्या गादीखाली दुमडते तिथे तुटते, वरून प्लास्टिक धडधाकट दिसतं. मल्टिमीटर (तारेचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र) लावून वायर हलवा. स्पीकरवर ३२ ओहम लिहिलं असेल, तर मीटर त्याच्या जरा खाली आकडा दाखवतो. तो मध्येच उडाला की जागा सापडली. आतल्या केसासारख्या तारांवर बऱ्याचदा लॅकरचा थर असतो. तो गरम सोल्डरने जाळल्याशिवाय टाका धरतच नाही, आणि हौशी दुरुस्ती इथेच फसते. सोल्डरिंग मात्र हेल्मेटबाहेर काढूनच करा. आतला थर्माकोल वितळला, तर तेवढ्या जागी डोक्याचं संरक्षण गेलं. कळंक काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पेट्रोल, थिनर हेल्मेटच्या जवळही आणू नका, थर्माकोल खाऊन टाकतात.

मित्राला शेवटी विचारलं, “नेमका कुठे तुटतो?” “घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत, माजिवड्यापर्यंत उजवा कान जातो, आणि पाम बीचला दोन्ही.” दोन वेगळे दोष, तक्रार एकच. उजवी वायर प्लगपाशी तुटली होती, ती जोडली. फोन मात्र तो अजून पँटच्या खिशातच ठेवतो.