कोल्हापूरला तीन-चार दिवस येताय? एसटीचा पास, सवलत आणि संग्रहालयांची तिकिटं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "आवडेल तेथे प्रवासचा पास काढू का रे? आणि सगळी म्युझियम एकाच पासात होतात का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सगळ्या संग्रहालयांचा मिळून एक पास कोल्हापुरात नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र वहीपेन्सिल घेऊन बसावं लागतं, कारण पासाचा अर्ज भरण्याआधी आपल्याला सवलत लागू आहे का, हे बघायला हवं. ते न बघता पास काढला, तर पुष्कळांचे पैसे जास्त जातात.

म्हणून आधी सवलतीचं बोलू. मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सर्व वयाच्या महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. साध्या गाडीत आहे, तसंच शिवशाहीतही आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत पूर्ण मोफत. मोफत असलं तरी कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट घ्यायचं असतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं ओळखपत्र असलेल्यांना साध्या गाडीत ७५ टक्के सवलत मिळते. एका माणसाला एकच सवलत, त्यामुळे ६८ वर्षांच्या आजींना महिला म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून आणखी अर्धं, असं होत नाही.

ज्येष्ठांच्या सवलतीसाठी महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा आणि वयाचा पुरावा लागतो. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, पॅन, तहसीलदारांनी दिलेला ज्येष्ठ नागरिकाचा दाखला यांपैकी एक पुरतं. मोबाइलवरचं डिजिलॉकर किंवा एम-आधारही चालतं. आमच्याकडे येणारे आजोबा आधार कार्ड नेमकं बॅगेत तळाशी ठेवतात आणि बॅग लॉजवर. जोतिबाला जाताना खिशातच असू द्या.

या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत, हे इथे मुद्दाम सांगावं लागतं, कारण कोल्हापूरपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे. निपाणीला जायचं म्हटलं की हद्दीपलीकडच्या टप्प्यांचं पूर्ण भाडं पडतं.

आता पास. 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही ठरावीक दिवस एसटीने हवं तितकं फिरू देणारी योजना १९८८ पासून चालू आहे. पास ४ दिवसांचा किंवा ७ दिवसांचा. गाडीच्या प्रकारानुसार दर वेगळे. वरच्या सेवेचा पास खालच्या सेवेत चालतो. साध्या गाडीचा पास घेऊन शिवशाहीत मात्र बसता येत नाही. जुलै २०२५ मध्ये दर उतरवले, तेव्हा साध्या गाडीचा ४ दिवसांचा प्रौढांचा पास १,३६४ रुपयांवर आला. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचं भाडं टप्प्याला साधारण १० रुपये. १,३६४ ला १० ने भागलं आणि ६ ने गुणलं, की आठशेच्या वर येतात; म्हणजे चार दिवसांत आठशे किलोमीटरच्या वर प्रवास झाला, तरच पूर्ण तिकिटवाल्याला पास परवडतो. दर पुढेमागे हलतील, पण खिडकीवरचा चालू दर बघून हाच हिशेब करायचा.

पुण्याचा माणूस घ्या. पुणे-कोल्हापूर जाऊन येऊन ४६० किलोमीटर. पन्हाळा जाऊन येऊन ४०. नृसिंहवाडी जाऊन येऊन ९०. बेरीज ५९०, भाडं हजाराच्या आत. पास काढला तर साडेतीनशेच्या वर रुपये वाया! मुंबईहून येणाऱ्याचं गणित वेगळं: जाऊन येऊन ७६०, वर तेच १३०, म्हणजे ८९० किलोमीटर आणि साधारण दीड हजार रुपये. इथे पास शंभर-सव्वाशे वाचवतो. विदर्भातून येणाऱ्यांनी तर डोळे झाकून पास घ्यावा. पण हे सगळं पूर्ण तिकीट भरणाऱ्या पुरुषांचं झालं. अर्धं तिकीट असलेल्या बाईला पास परवडायला सोळाशे किलोमीटर फिरावं लागेल. त्यामुळे जोडप्याने येताना नवऱ्याने पास काढावा, बायकोने साधं तिकीट घ्यावं, हेच मुंबईकरांना शहाणपणाचं. दोघांचे पास एकदम काढणारे मी बरेच पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

अर्जाला फार काही लागत नाही. एसटी स्थानकावर पासाच्या खिडकीवर अर्ज मिळतो. त्यात नाव, वय, पत्ता, गाडीचा प्रकार आणि कोणत्या तारखेपासून पास हवा ते भरायचं. सोबत फोटो आणि ओळखपत्र न्यायचं. प्रवासाच्या १० दिवस आधीपासून पास काढता येतो. सुट्टीच्या तोंडावर खिडकीशी रांग असते, तेव्हा आधीच उरकलेलं बरं. पास दुसऱ्याला देता येत नाही, आणि हरवला तर दुसरा मिळत नाही. पास आहे म्हणून जागा मिळेलच असं नाही. आरक्षण हवं असेल तर त्याचा आकार वेगळा भरावा लागतो. सामान प्रौढाला ३० किलो, मुलाला १५ किलो.

तारखेची गोम मात्र नीट समजून घ्या. पासाचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा मोजतात. रात्री दहाच्या रातराणीला बसलात, तर पासाचा पहिला अख्खा दिवस त्या दोन तासांत संपला. त्यामुळे ४ दिवसांच्या पासावर पहाटेच्या गाडीने निघणं फायद्याचं. शेवटच्या दिवशी मध्यरात्र गाडीतच उलटली, तर पुढच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं.

शहरात फिरताना हा पास उपयोगाचा नाही. शहरातली बससेवा, केएमटी, महापालिकेची आहे, एसटीची नाही. एसटीचा पास तिथे दाखवू नका, आणि एसटीतल्या सवलतीही तिथे गृहीत धरू नका. वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचं तर तिकीटच नसतं, पैसे हातावर. पण खरं सांगू? अंबाबाईच्या देवळापासून टाऊन हॉल चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि कोल्हापूर पायी बघण्यात जी मजा आहे ती कुठल्याच पासात नाही.

संग्रहालयांचं तिकीट ज्याच्या त्याच्या दारात काढायचं. आधी अर्ज नाही, कागद नाही. टाऊन हॉलमधलं संग्रहालय आणि राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय ही दोन्ही राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याची. नवीन राजवाड्यातलं श्री छत्रपती शहाजी संग्रहालय राजघराण्याच्या ट्रस्टचं. कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम मठाचं. मालक वेगळे, म्हणून एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. टाऊन हॉल सोमवारी बंद असतो. सोमवारी मुक्काम असेल तर तो दिवस पन्हाळ्याला द्या.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी टाऊन हॉल सांगेन, जरी सगळे आधी राजवाडा बघतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमाराला उत्खनन झालं आणि सातवाहन काळातलं गाव वर आलं. तिथे सापडलेली समुद्रदेव पोसायडनची हातभर सुद्धा नसलेली काशाची मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देते. आमच्या नदीकाठी तो देव कुठल्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असेल, हा विचार मला दर वेळी तिथे थांबवतो. हे संग्रहालय १९४६ मध्ये या उत्खननानंतरच उभं राहिलं. इमारतही बघण्यासारखी आहे. ती ब्रिटिश वास्तुकार मेजर मँट यांनी आखली, आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवीन राजवाडाही त्यांचाच. राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा.

शाळेची सहल आणणाऱ्या गुरुजींसाठी वेगळी वाट आहे. मान्यताप्राप्त शाळेच्या शैक्षणिक सहलीला एसटीची गाडी ५० टक्के सवलतीत मिळते. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज, विद्यार्थ्यांची यादी आणि शिक्षण विभागाची परवानगी घेऊन जवळच्या आगार व्यवस्थापकांकडे जायचं. डिसेंबर-जानेवारीत सहलींची झुंबड असते, म्हणून परवानगीचा कागद दिवाळीनंतर लगेच मागून घ्या. परवानगीशिवाय गाडीचं बुकिंग पुढे सरकत नाही.