मर्थर म्हणजे ऱ्हॉन्दा नव्हे

दक्षिण वेल्स फिरून आलेली मंडळी मर्थर टिडफिल आणि ऱ्हॉन्दा यांना ‘कोळशाची गावं’ म्हणून सरसकट एकाच दावणीला बांधतात. ऱ्हॉन्दाबद्दल फार सांगायला नको: दोन अरुंद खोरी, डोंगरउतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, चॅपल, खाणीवरचं मोठं चाक. तेच चित्र मर्थरला लावणं मात्र साफ चूक.

मर्थर उभं राहिलं ते लोखंडावर. गाव कोळसापट्ट्याच्या उत्तर कडेला. तिथे कोळसा आणि लोहखनिजाचे थर जमिनीलगत येतात, चुनखडी जवळच, आणि चाकं फिरवायला टॅफ नदीचं पाणी. भट्टीला लागतं ते सगळं हाताशी! म्हणून १७५९ मध्येच डाउलेसचा कारखाना निघाला. मागोमाग प्लिमथ, कवार्थवा, पेनीडॅरन. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी ट्रेविथिक या इंजिनिअरच्या वाफेच्या इंजिनाने पेनीडॅरनहून अबरकननपर्यंत दहा टन लोखंड ओढून नेलं, तेव्हा ऱ्हॉन्दात मेंढ्या चरत होत्या. १८३१ मध्ये मजुरीकपात आणि कर्जवसुलीने पिचलेले कामगार उठले, तेही मर्थरमध्येच. १८५१ साली मर्थर वेल्समधलं सर्वांत मोठं शहर होतं. ऱ्हॉन्दाची वस्ती जेमतेम एक-दोन हजार.

ऱ्हॉन्दा एवढं मागे का राहिलं? ते पट्ट्याच्या मधोमध आहे, तिथला वाफेच्या इंजिनांचा उत्तम कोळसा खोल दडलेला. खाणीच्या खोल विहिरी खणायला भांडवल हवं, माल बंदरात न्यायला रेल्वे हवी. १८५५ मध्ये ऱ्हॉन्दातल्या ट्रेहर्बर्टहून तो कोळसा बाहेर पडला आणि १९११ पर्यंत लोकसंख्या दीड लाखावर गेली. तोवर मर्थरचं खनिज पुरेसं राहिलं नव्हतं. परदेशी खनिज बंदरात उतरे, म्हणून डाउलेसवाल्यांनी कार्डिफ बंदरालाच नवा कारखाना काढला.

मर्थरजवळ खाणी नव्हत्या असं मात्र नाही. १९६६ मध्ये खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा कोसळून ११६ मुलांसह १४४ जण गेले ते अबरव्हान मर्थरच्या दक्षिणेला, टॅफच्याच खोऱ्यात आहे. त्याला ऱ्हॉन्दात ढकलणं मला अजिबात खपत नाही.

आणि तो फोटो! मर्थरवरच्या लेखाला हमखास ‘लुईस मर्थर’ खाणीची चाकं लावतात. ती खाण ट्रेहाव्होडला, ऱ्हॉन्दाच्या खोऱ्यात आहे. नाव आलं मर्थरमध्ये जन्मलेल्या मालकावरून. मर्थर दाखवायचं तर कवार्थवाच्या दगडी भट्ट्या दाखवा, त्या अजून उभ्या आहेत.