गुरं का बुजतात? टेंपल ग्रँडिन यांच्या कामाची पार्श्वभूमी

कापण्यापूर्वी जनावराची शुद्ध हरपलेली असली पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९५८ मध्ये झाला. १९७८ मध्ये तो केंद्रीय तपासणीखालच्या सगळ्या कत्तलखान्यांना लागू झाला. धार्मिक पद्धतीला सूट होती. पण जनावर त्या जागेपर्यंत जाताना मधेच का अडतं, याचा विचार फारसा कोणी करत नव्हतं. अडलं की आरडाओरडा करायचा आणि विजेची पराणी लावायची.

हा प्रश्न उलट बाजूने पाहिला अमेरिकी पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांनी. जन्म १९४७, बोस्टन. लहानपणी मेंदूला इजा असल्याचं निदान; स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) औपचारिक निदान मोठेपणी. बोलणं उशिरा आलं. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर त्यांनी लस टोचताना गुरांना धरणारा खोडा पाहिला. दोन्ही बाजूंनी दाब आला की काही गुरं शांत होत. स्पर्शाने बिथरणाऱ्या ग्रँडिन यांनी वयाच्या १८ व्या वर्षी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं: गादी लावलेल्या दोन फळ्या, आणि दाब किती हे आतल्या माणसाच्या हातात. खोल, सावकाश वाढणारा दाब शांत करतो, झटका घाबरवतो. गुरांच्या खोड्यालाही हेच लागू पडतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या गुरांच्या अरुंद गल्ल्यांमध्ये उतरल्या आणि जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढू लागल्या. बुजण्याची कारणं क्षुल्लक वाटावीत अशी निघाली: लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, डबक्यातली चमक, गटाराची जाळी, सावलीचा पट्टा, हवेच्या झडपेचा फुसकारा. गुरांना जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण मान वर असताना खोलीचा अंदाज नीट येत नाही. म्हणून जमिनीवरची सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटू शकते. उजेडातून अंधारात शिरायलाही ती कचरतात. गल्लीच्या तोंडाशी डोळ्यांवर न येणारा दिवा लावला की चालू लागतात.

हाकण्याचंही गणित आहे. जनावराच्या खांद्याच्या मागे उभं राहिलं की ते पुढे जातं, पुढे उभं राहिलं की मागे सरतं. माणूस किती जवळ आल्यावर ते हलेल हे सवयीवर ठरतं: बंदिस्त वाड्यात पोसलेल्या गुरांत दीड ते साडेसात मीटर, मोकळ्या रानातल्या गुरांत ३० मीटरपर्यंत. वळणाच्या गल्लीत आलो तिकडेच परत चाललो असं गुरांना वाटतं, म्हणून ती सहज चालतात. मात्र तोंडाशीच तीव्र वळण दिलं तर रस्ता बंद दिसतो आणि सगळं अडतं. निदान दोन जनावरांच्या लांबीएवढी वाट पुढे दिसायला हवी. गल्लीआधीचा वाडा अर्धाच भरावा, नाहीतर वळायला जागा उरत नाही. एकदा भडकलेलं जनावर शांत व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. घाईने वेळ वाचत नाही.

सर्वात टिकाऊ काम मोजमापाचं आहे, असं आम्हाला वाटतं. १९९६ मध्ये सरकारी कृषी खात्यासाठी त्यांनी २४ कत्तलखाने पाहिले. गुरांच्या कारखान्यांपैकी फक्त ३० टक्के ठिकाणी ९५ टक्के जनावरं पहिल्याच झटक्यात बेशुद्ध होत होती. मुख्य कारण? बेशुद्ध करण्याच्या बंदुकीची देखभाल नाही. १९९९ पासून मॅकडोनाल्ड्सने पुरवठादारांची तपासणी ग्रँडिन यांच्या निकषांवर सुरू केली: हंबरणारी गुरं १०० मागे ३ पर्यंत, पडणारी १, विजेची पराणी जास्तीत जास्त २५. बहुतेकांना नवी इमारत लागली नाही. घसरती फरशी खडबडीत करणं, दिवे, दुरुस्ती आणि प्रशिक्षण एवढ्यावर भागलं.

वाद आहे तो पुढच्या दाव्यावर. प्राणी आणि काही स्वमग्न माणसं जग सारख्याच तपशिलांत पाहतात, असं ग्रँडिन यांनी २००५ मध्ये मांडलं. २००८ मध्ये काही संशोधकांनी हरकत घेतली: प्राण्यांची विलक्षण कौशल्यं त्या-त्या जातीच्या गरजेतून घडलेली असतात, त्यांना स्वमग्नतेशी जोडू नये. सगळ्या स्वमग्न व्यक्ती चित्रांतून विचार करत नाहीत, हे ग्रँडिन यांनीही पुढे मान्य केलं. काहींचा विचार शब्दांतून, काहींचा नमुन्यांतून चालतो. आमच्या मते ही हरकत रास्त आहे. पण साखळी काढल्यावर गुरं चालू लागतात की नाही, हे त्या वादावर अवलंबून नाही. ते कोणालाही गल्लीत उभं राहून तपासता येतं.