जुनी गाडी घेताना नंबरप्लेट नीट वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, परभणी)

नमस्कार. जुनी गाडी बघायला आलेला माणूस टायर दाबून बघतो, किक मारतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. नंबरप्लेटकडे मात्र पासिंग कुठली, एवढ्यापुरतीच नजर जाते. आमची कळकळीची विनंती आहे, प्लेटला थोडा जास्त वेळ द्या. कागद आणि गाडी एकमेकांची आहेत की नाही, हे तिथूनच कळायला लागतं.

एमएच २२ म्हणजे आपली परभणी. छत्रपती संभाजीनगर २०, जालना २१, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, म्हणून त्याचा आकडा थेट ३८. अंबाजोगाईला ४४. जिल्ह्यांची नावं बदलली तरी आकडे तेच आहेत. त्यासाठी प्लेट बदलायची गरज नाही.

हा आकडा गाडीची नोंदणी कुठे झाली ते सांगतो, मालक आज कुठे राहतो ते नाही. पुण्या-पिंपरीला कामाला गेलेली आपली मंडळी गावाकडे येताना एमएच १२, एमएच १४ च्या गाड्या घेऊन येतात. त्या इथे विकल्या तरी नंबर तोच राहतो, आरसीवर नाव-पत्ता बदलतो. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणून इथला नंबर घ्यावा लागतो. नांदेडच्या बाजूने येणाऱ्या तेलंगणाच्या गाड्यांवर एपी, टीएस किंवा टीजी दिसेल. २०१४ ला राज्य वेगळं होण्याआधी एपी, नंतर टीएस, आणि २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी. तिन्ही खरे असू शकतात. गाडी कोणत्या सालची, ते तेवढं जुळलं पाहिजे.

एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आली, १९८९ पासून. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. तेव्हा नंबर पेंटर काढून द्यायचा, नंतर रेडियमच्या प्लेटा आल्या. अडचण तीच राहिली: कोणीही, कोणत्याही गाडीवर, कोणताही नंबर टाकू शकत होता.

म्हणून आता हाय सिक्युरिटी प्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला ती विक्रेत्याकडूनच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. ॲल्युमिनियमची, अक्षरं उठावाची. डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी, आणि खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला १० अंकी क्रमांक. हा क्रमांक गाडीच्या सरकारी नोंदीला जोडलेला असतो, म्हणून हुबेहूब दिसणारी बाजारातली नक्कल कामाची नाही. प्लेट स्नॅप लॉकने बसते. काढायला गेलात तर लॉक तुटतं. मागच्या प्लेटला नटबोल्ट दिसले, की विकणाऱ्याला कारण विचारा. चारचाकीला पुढच्या-मागच्या दोन प्लेटांशिवाय आतून काचेवर नोंदणीचं तिसरं स्टिकरही असतं: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी.

जुन्या गाडीसाठी राज्यात ठरलेला दर, जीएसटी सोडून, दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५. ऑनलाइन नोंद परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरूनच करा, इतर कुठेही पैसे भरू नका.

आकडे वाकवून ‘दादा’ किंवा ‘राम’ वाचता येईल अशी प्लेट नियमात बसत नाही. तरुण पोरांना हौस असते, आम्हाला समजतं, पण अपघातानंतर किंवा चोरीनंतर तीच गाडी शोधायची वेळ आली तर न वाचता येणारा नंबर तुमच्याच नुकसानीचा.

रंगाचं थोडक्यात: पांढरी खाजगी, पिवळी भाड्याची, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली, हिरवी इलेक्ट्रिक. टॅक्सीपासिंगची गाडी घरच्या वापराला घेताय, तर आधी ती आरटीओत खाजगीत बदलून घ्यावी लागेल.

सौदा ठरण्याआधी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या कोरीव नंबराशी स्वतः बोट ठेवून जुळवा, इंजिन नंबरही. मग वाहन पोर्टलवर नंबर टाकून फायनान्सचा बोजा उतरलाय का ते बघा. हे बघायला आमच्याकडे कुणीही या, गाडी आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल. येताना मूळ आरसी आणि इन्शुरन्सचा कागद सोबत आणा.