दस्ता अंगाला बसला की नेम बसतो

आमच्याकडे आजोबांची दुनळी बारा बोअर बंदूक आहे, राधानगरीकडच्या शेतात डुकरांचा त्रास म्हणून घेतलेली, आता परवाना काकांच्या नावावर. काका कागदावर नेम धरून बार काढायचे आणि तो दरवेळी वर आणि डावीकडं जायचा. सगळे म्हणायचे हात हलतो. पण हात हलला असता तर बार कधी इकडं कधी तिकडं गेला असता ना, रोज एकाच बाजूला कसा जाईल?

छर्‍याच्या बंदुकीला पुढं नळीच्या टोकावर फक्त माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा मणी असतो, मागचं निशाण म्हणजे आपला डोळा. आणि डोळा कुठं येणार ते दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा लाकडी भाग, ठरवतो, कारण गाल त्याच्यावर टेकतो. आजोबांची गालफडं बसलेली, काकांचा चेहरा भरलेला, त्यामुळं त्यांचा डोळा थोडा वर आणि डावीकडं येतो. आता हिशोब बघा. डोळ्यापासून माशी साधारण 90 सेंटिमीटरवर, कागद 36 मीटरवर, म्हणजे 40 पट लांब. डोळा 3 मिलिमीटर वर असला की बार 12 सेंटिमीटर वर! शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही.

धक्क्याचंही तसंच. 28 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटरनं सुटले तर नुसत्या छर्‍यांच्या हिशोबानं 3 किलोची बंदूक पावणेचार मीटर वेगानं मागं येते. हा जोर नळीच्या रेषेत येतो, खांदा असतो त्याच्या खाली, म्हणून नळीचं तोंड वर उचलतं आणि दस्ता गालावर बसतो. दस्ता जितका खाली वाकलेला तितकी ही उचल जास्त.

कोपरात दस्ता टेकवून चापाला बोट पोचतं का बघायची जुनी पद्धत आहे, मला ती अजिबात पटत नाही, तिच्यात मान, गाल, खांदा काहीच मोजलं जात नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत 14 इंच हे सरासरी माप, माणूस सरासरी नसतो. चांगला कारागीर लांबी, उतार आणि बाजूचा कल तिन्ही बघतो. अक्रोडाचा दस्ता तर गरम तेलानं शेकून मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, वाकवतातही, उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर नवा आकार धरतं. रेषा आडव्या गेलेलं लाकूड असेल तर मात्र तिथंच तडकतं.

आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचं ब्राँझ आणलं, तिथं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. त्या रायफलींना गालाची पट्टी आणि मागची प्लेट दोन्ही सरकवता येतात, कारण झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मान वेगवेगळी येते, आणि प्रत्येक गोळीला डोळा त्याच जागी यायला लागतो.

काकांनी शेवटी परवानाधारक कारागिराकडून दस्त्याची गाल टेकायची कड तासून घेतली, थोडा उजवीकडं कल दिला, लांबी पाऊण इंच कमी केली. कापलेला तुकडा त्यांनी जपून ठेवलाय, कारण माझी उंची आणि मान आजोबांसारखी आहे.