लाळेच्या थरावर बसलेली कवळी

नवी कवळी लावून माणूस पहिल्यांदा जेवायला बसतो. दुसऱ्या घासालाच खालची कवळी उचलते, भाताचं शीत तिच्याखाली शिरतं आणि घरात निकाल लागतो : ‘माप चुकलं.’ माप कधीकधी चुकतंही. पण अचूक मापाची कवळीसुद्धा सुरुवातीला अशीच वागते, कारण ती मुळात कशाच्या जोरावर टिकते हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पूर्ण कवळीला ना खिळा असतो ना गोंद. वरची कवळी टिकते ती मुख्यतः लाळेवर. दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब दाबा आणि त्या सरळ ओढून वेगळ्या करून बघा. सहज निघत नाहीत. ओढताना फट वाढते आणि ती भरायला कडेचा द्रव आत यावा लागतो. पण इतक्या अरुंद फटीतून तो पटकन वाहू शकत नाही. तोवर आतला दाब कमी राहतो आणि बाहेरची हवा पट्ट्या दाबून धरते. योझेफ स्टेफान या भौतिकशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये याचं गणित मांडलं. दोन गोल चकत्या वेगळ्या करायला लागणारा जोर त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. शिवाय द्रवाचा दाटपणा आणि ओढण्याचा वेग जितका जास्त, तितका जोर जास्त.

हे एक सूत्र कवळीबद्दल केवढं सांगून जातं! थराची जाडी दुप्पट झाली की पकड आठपटीने घटते. म्हणून कवळी हिरडीच्या वळणाला तंतोतंत बसावी लागते. वरची कवळी टाळूसकट सुमारे २३ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते, खालची जेमतेम १२. त्रिज्येचा चौथा घात म्हणजे क्षेत्रफळाचा वर्ग. जागा निम्मी झाली की पकड पावपट. त्यातही खालची चकती नसून नालासारखी अरुंद पट्टी आहे, म्हणजे पकड आणखी कमी. तिच्या कडा लाळेत बुडालेल्या आणि मधोमध सतत हलणारी जीभ. खालची कवळी लाळेपेक्षा जीभ आणि गालांच्या स्नायूंनीच धरायची असते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून टेकलेलं ठेवा. जीभ मागे ओढली की कवळी उचललीच. हे स्नायूंच्या अंगवळणी पडायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

वेगाचा मुद्दा खाण्यात फार महत्त्वाचा. झटक्याला लाळेचा थर चांगला विरोध करतो, पण सावकाश आणि सतत ओढ लागली तर द्रव आत शिरत जातो आणि कवळी सुटते. चिक्की, चिकट तिळगूळ नेमकी अशीच ओढ लावतात. दर वेळी दात मिटून गिळलं की थर पुन्हा दाबला जाऊन पातळ होतो, म्हणून कवळी सैल वाटली तर घोटभर पाणी पिऊन दात मिटून गिळा.

पहिले दोन-तीन दिवस पेज, मऊ वरणभात, खिमट. तोंड कवळीला अन्नच समजतं, त्यामुळे लाळ खूप सुटते; थुंकू नका, गिळत राहा. मग इडली, दुधात कुस्करलेली पोळी, शिजलेला दुधी. घास नेहमीच्या निम्मा घ्या, त्याचे दोन भाग करून दोन्हीकडच्या दाढांखाली ठेवा आणि सावकाश चावा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू तराजूच्या पारड्यासारखी वर येते. पुढच्या दातांनी भाकरी तोडणं सर्वांत वाईट : पुढे भार पडला की मागची कड सुटते, टाळूच्या टोकाशी हवा शिरते आणि वरची कवळी खाली येते. भाकरी हातानेच मोडा. चावायचंच झालं तर पदार्थ बाहेर ओढू नका, आत ढकला. पेरूच्या बिया आणि तीळ बरेच दिवस टाळा. एक बी कवळीखाली गेली तरी हिरडीला टोचते. सरावानंतरही चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव-पंचमांशच असतो, हे धरून चाला.

चिकटवायची पेस्ट लाळेचा दाटपणा वाढवते, पण जाड थर दिला तर जाडीचा तिसरा घात तो फायदा खाऊन टाकतो. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरेत. ‘लावा आणि ऊस खा’ छापाच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. वरचे दात काढले की नजर जाते, हा समजही सोडा. दातांची मज्जातंतू वेगळी, दृष्टीची वेगळी. दात जाण्याच्या वयातच मोतीबिंदूही येतो, एवढंच.

हिरडी दुखली तर कवळी घरी कानशीने घासू नका. कवळी लावून ठेवणं असह्य नसेल तर दवाखान्यात जाण्याआधी काही तास ती लावा, म्हणजे कुठे रुततंय त्याची लाल खूण दिसते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात प्लास्टिक वाकतं आणि मग तो तंतोतंतपणा गेला.

एक धोका मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. टाळू झाकल्याने काटा आणि चटका दोन्ही तिथे कळत नाहीत, आणि हे प्लास्टिक उष्णता फार सावकाश वाहून नेतं. चहाचा पहिला घोट ओठांवर जोखून मगच आत घ्या. सवय होईपर्यंत तारलीसारखे बारीक काट्यांचे मासे नकोत. सुरमईसुद्धा ताटातच बोटांनी चाचपून, काटा नाही याची खात्री करून खा.